उत्तर पट्ट्यातली एकतीस झाडं

न्यू अलीपूर, कोलकाता
३ जुलै २०२५

उन्मेष,

'अनेक आशीर्वाद' लिहायची हाताला इतकी सवय आहे की ते टाळण्यातच पाच मिनिटं गेली. आशीर्वाद नाहीत. पाच वर्षं मी तुझा फोन घेतला नाही, भाऊबीजेला तुला बोलावलं नाही, आणि हे पत्रही समेटाचं नाही. ऑफिसच्या मेलवर लिहिलं असतं तर त्याची नोंद राहिली असती आणि तू अडचणीत आला असतास, म्हणून कागदावर लिहितेय. बघ, अजूनही तुझ्या अडचणीचा विचार आधी करते. सख्खा भाऊ नसलास म्हणून काय झालं, लाडावून ठेवायचं ते ठेवलंच मी तुला.

तुझ्या पुस्तकाची प्रुफं काल ग्रंथालयात पोचली. हेस्केथ बाग आणि तिच्या ग्रंथालयाचा दीडशे वर्षांचा इतिहास, मुख्य संपादक डॉ. उन्मेष पटवर्धन, दिल्ली. वर तुझी चिठ्ठी, की ताई, तुझ्याशिवाय हे तपासणार कोण, निवृत्तीआधी एकदा तुझी नजर फिरू दे. चिठ्ठी मराठीत, म्हणजे मी विरघळणार.

मी रात्रीचं जेवण करायच्या आत आठ प्रकरणं वाचून काढली. खोटं कशाला बोलू, चांगली आहेत. त्या निळीच्या व्यापाऱ्याने बाग का काढली, बियांच्या अदलाबदलीच्या याद्यांमधून आपलं ग्रंथालय कसं उभं राहिलं, जुने बंगाली माळी रोज संध्याकाळी नोंदवहीत झाडांची खबर कशी लिहवून घ्यायचे, हे सगळं तू मन लावून लिहिलंयस. आठव्या प्रकरणापर्यंत तर मला तुझा अभिमान वाटायला लागला होता. मग नववं आलं.

'वादळाला पुरून उरलेला पट्टा.' वीस मे २०२० रोजी अम्फान आलं, शहरातली हजारो झाडं आडवी झाली, पण आपल्या उत्तर पट्ट्यातल्या एकशे अठरा जुन्या झाडांपैकी फक्त बारा पडली. खाली तक्ता, जातवार टक्केवारी. त्याखाली तुझा फोटो, एका महोगनीच्या बुंध्यावर हात ठेवून.

ती महोगनी तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती, उन्मेष. तिच्यावरची पाटी चारशे सतरा नंबरच्या झाडाची आहे, जे १८९१ साली लावलं होतं आणि त्या दिवशी मुळासकट उपटून कुंपणावर पडलं. पुस्तक लिहिताना हे तू कुठेतरी विसरून आलायस, म्हणून आठवण करून देते. बारा नाही, त्रेचाळीस झाडं पडली होती. कमिटी मोजायला येणार होती. पट्ट्यात शंभराच्या खाली जुनी झाडं भरली तर ती जमीन गोदामांसाठी एका कंपनीला द्यायची, असं ठरलेलं होतं. तू, बागेचा तेव्हाचा अधीक्षक, पडलेल्या एकतीस झाडांच्या पाट्या काढून आजूबाजूच्या आपोआप उगवलेल्या, बिननंबरी झाडांवर ठोकल्यास. शंभरावर थोडी शिल्लक ठेवावी म्हणालास, नाहीतर संशय येतो. कमिटीतला एकही माणूस चिखलात उतरून झाडाचा घेर मोजणार नाही हे तुला बरोबर ठाऊक होतं.

मेलेल्या झाडाचा नंबर दुसऱ्या झाडाला द्यायचा नाही, हा बागेचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. तो तुझ्याच पहिल्या प्रकरणात आहे, पान अकरा.

आणि जो माणूस तेव्हा तुझ्या तोंडावर नाही म्हणाला, त्या निवारणदांचं नाव सबंध पुस्तकात नाही. चाळीस वर्षं त्या बागेचा मुख्य माळी होता तो. त्याला तू वेडा ठरवून घरी पाठवलंस हे मी विसरलेले नाही.

नववं प्रकरण काढून टाक. बाकीचं पुस्तक मी डोळ्यांत तेल घालून तपासून देईन.

वैदेही


१४ जुलै २०२५

उन्मेष,

तुझं पत्र मिळालं. सहा पानी! एवढं तू लग्नाचं आमंत्रण द्यायलाही लिहिलं नव्हतंस.

तुझं म्हणणं मी नीट वाचलं. आपण बाग वाचवली, तो पट्टा आज गोदामाखाली असता, खोट्या पाट्यांची झाडंही आता पाच वर्षांनी मोठी झालीत, कुणाचं काय बिघडलं? आणि 'इतिहासाला थोडी सावलीही लागते' हे वाक्य. हे तू भाषणासाठी राखून ठेव, माझ्यावर वापरू नकोस. मी तुला अकरा वर्षं वरणभात वाढलाय. तू नोकरीला लागून इथे आलास तेव्हा तुला बंगालीत पाणी मागता येत नव्हतं, मिठाईवर दिवस काढत होतास. तुझी मोठी वाक्यं कुठून येतात ते मला माहीत आहे.

कुणाचं काय बिघडलं ते सांगते. गेल्या बुधवारी ग्रंथालयात दोन माणसं आली होती. शहरात रस्त्याकडेला कुठली झाडं लावावीत ते ठरवणाऱ्या समितीची. वादळात कुठल्या जाती टिकतात याचा जुन्या बागेतला पुरावा त्यांना हवा होता, आणि तुझ्या प्रकरणातला तक्ता त्यांच्याकडे आधीच होता, तूच पाठवलेला. तक्त्याप्रमाणे आपले गुलमोहोर जवळजवळ सगळे उभे राहिले. त्यातल्या धाकट्याने मला कौतुकाने नकाशा दाखवला. बेहालामध्ये एका शाळेच्या भिंतीलगत ते गुलमोहोर लावणार आहेत, मुलांना सावली म्हणून.

आपले चौदा गुलमोहोर होते, उन्मेष. अकरा पडले. त्यातले नऊ तू कागदावर उभे केलेस.

मी त्या माणसाला काय सांगितलं? सांगितलं की मूळ नोंदवही पाहिल्याशिवाय तक्ता पक्का धरू नका. त्याने विचारलं, कधी पाहता येईल. मी म्हटलं, तिचं स्कॅनिंग व्हायचंय, त्यानंतर. एवढंच बोलले. चहा दिला आणि पाठवून दिलं. म्हणजे माझीही जीभ उचलली नाही, हे लिहून टाकते, नाहीतर तू मला साध्वी समजशील.

पण नोंदवही आहे, आणि तिच्यात काय आहे ते तुला पुरतं माहीत आहे. वादळाच्या दुसऱ्या दिवशी लॉकडाऊनमध्ये निवारणदा बेहालाहून सायकल दामटत आले. आम्ही दोघं गुडघाभर पाण्यातून त्रेचाळीस झाडांपाशी गेलो. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. कुठलं मुळासकट उपटलं, कुठलं मधूनच मोडलं, कुठल्या दिशेला पडलं, मुळं किती खोल होती. माझ्या हातात पेन्सिल होती, कारण नोंदवहीच्या खोलीत पेन न्यायचं नाही हा नियम मीच पस्तीस वर्षं सगळ्यांना शिकवत आले. शाईने लिहायचा अधिकार फक्त अधीक्षकाचा, म्हणजे तुझा. तू आठ दिवसांनी आलास आणि त्या एकतीस नोंदींसमोर शाईने 'उभे' लिहिलंस. माझी पेन्सिल समासात तशीच राहिली.

ती तू तेव्हा पुसली नाहीस, कारण ती मराठीत होती. आपण दोघं त्या ऑफिसात किती वर्षं तसंच करत होतो, आठवतं? साहेब कधी रजेवर जाणार, कुणाच्या डब्यात काय आहे, सगळं समासात मराठीतून. आपल्याला वाटायचं, आपली भाषा म्हणजे घरचं कुलूप, इथे कुणाकडे किल्ली नाही.

आता स्कॅनिंगच्या सूचनांचा कागद आलाय. मुख्यालयाकडून, तुझ्या सहीने. कलम सात: 'पानांवरील पेन्सिलीच्या खुणा स्वच्छ करून घ्याव्यात.' कसा साळसूदपणा आहे! बाकी सगळी कलमं धूळ, टाचण्या आणि दुमडलेल्या कोपऱ्यांबद्दल.

नोंदवही मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली आहे. एकतीस ऑगस्टपर्यंत मी ग्रंथपाल आहे. तोपर्यंत तिला रबर लागणार नाही.

वैदेही


२५ जुलै २०२५

उन्मेष,

पुसलं.

चार दिवस रजेवर होते. चंद्रकांतचं, तुझ्या भावोजींचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. काल गेले, कपाट उघडलं, नोंदवही जागेवर होती. पान उघडलं आणि समास कोरा. दुसरं उघडलं, कोरा. एकतीसच्या एकतीस. इतकं सफाईने केलेलं की कागदाचा पापुद्रासुद्धा निघालेला नाही. मऊ रबर, हलका हात, मग ब्रशने चुरा झाडायचा. हे असं करायला बागेत एकच माणूस शिकलेलं आहे आणि तिला मी शिकवलंय.

चैतालीला तू ओळखतोस. तू इथून गेलास तेव्हा ती नवी सहायक होती, आता माझ्यानंतर ग्रंथपाल होणार आहे. तिला बोलावलं. तिने काही लपवलं नाही. कपाटाची दुसरी किल्ली ऑफिसात असते, ती रीतसर सही करून घेतली होती. मी तिच्यावर ओरडले. पस्तीस वर्षांत त्या खोलीत मी आवाज चढवला नव्हता, काल चढवला. विचारलं, पुसण्याआधी निदान मला विचारायचं तरी, तुला कळलं तरी का काय पुसतेयस?

ती म्हणाली, "दीदी, मैंने पढ़ा था। सब पढ़ा था।"

देवनागरी आहे, उन्मेष. तिला हिंदी येतं. 'मृत, मुळासकट, पूर्वेकडे' यातलं तिला काय कळणार नव्हतं? आपण दोन शहाणे इतकी वर्षं समासात गुपितं लिहीत होतो आणि सगळं ऑफिस वाचत होतं. डब्यांचंसुद्धा वाचत होतं. कुणी बोललं नाही, कारण बंगाली माणूस सभ्य असतो.

मग मी विचारलं, वाचून पुसलंस? तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझा फोन आला होता तिला. तू सांगितलंस की स्कॅनिंगमध्ये हे वर आलं तर चौकशी लागेल, अक्षर वैदेहीताईंचं आहे, त्यांचं पेन्शन अडकेल, पस्तीस वर्षांची नोकरी मातीमोल होईल. त्या स्वतः हट्टी आहेत, त्यांना वाचवणं आता तुझ्या हातात आहे. आणि त्या मुलीने मला वाचवलं. रविवारी येऊन, सुट्टीच्या दिवशी. तिची चूक एवढीच की तिला माझ्याबद्दल माया आहे, आणि तू तेवढंच बरोबर हेरलंस.

माझ्या मायेचाही असाच उपयोग केला होतास. आता ते लिहायला हवं.

तीन तारखेच्या पत्रात मी लिहिलं की निवारणदांना तू वेडं ठरवलंस. ते लिहिताना मी माझा हात मागे घेतला होता. कमिटीसमोर निवारणदा उभे राहिले आणि म्हणाले की या पाट्या मेलेल्या झाडांच्या आहेत. तू शांतपणे म्हणालास की फार वय झालंय, हल्ली काही लक्षात राहत नाही. त्याच संध्याकाळी कागद तयार झाला, की श्री. निवारण माइती यांची स्मरणशक्ती वयोमानाने क्षीण झाली असून त्यांची मुदतवाढ संपवण्यात यावी. त्यावर दोन सह्या आहेत. एक तुझी आणि एक माझी.

मी का केली हे तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. बागेसाठी केली असं स्वतःला सांगत आले. पण माझं ग्रंथालय त्याच उत्तर पट्ट्यात आहे. पट्टा गेला असता तर इमारत गेली असती, पुस्तकं कुठल्यातरी तळघरात पोत्यांत गेली असती. मी माझी पुस्तकं वाचवली आणि एका शहाण्या माणसाला वेडा म्हणून लिहून दिलं. तुझ्याशी बोलणं टाकलं ते रागाने, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं की तुझा चेहरा पाहिला की मला माझी सही दिसायची.

राग तुझ्यावर आहेच. तो कमी झालेला नाही. पण त्यातल्या निम्म्याचा पत्ता चुकीचा होता.

वैदेही


४ ऑगस्ट २०२५

उन्मेष,

तू फोनवर फोन करतोयस. घेणार नाही. लिहून पाठव.

शनिवारी मी निवारणदांकडे गेले. मेट्रोने बेहाला चौरस्ता, तिथून रिक्षा. पाच वर्षांत पहिल्यांदा. चंद्रकांत हिरवी पट्टी लावलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाला की आता या वयात कशाला, पेन्शन घे आणि पुण्याला भाचीकडे जाऊन येऊ. मी म्हटलं, थेंब वेळेवर घाल.

निवारणदा मुलाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे राहतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालेत. घरात एकही कुंडी नाही. एवढं एकच घर पाहिलं मी त्या गल्लीत, की खिडकीत तुळससुद्धा नाही. सुनेने बसायला वेताचा मोडा दिला, चहा दिला. निवारणदा समोर बसले. मी त्यांना माझ्या सहीचं सांगितलं. त्यांना ते माहीत होतं, तो कागद दाखवूनच तू त्यांना घरी पाठवलं होतंस. मी सांगितलं की मला तेव्हाही माहीत होतं की तुमचं खरं आहे. हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की दीदींनाही उन्मेषबाबूंनी फसवलं असणार.

मग नोंदी पुसल्याचं मी सांगितलं, आणि म्हटलं की तुम्ही पुन्हा सांगाल का, मी लिहून घेते.

"आमि तो पागल, दिदि," ते म्हणाले. "पागलेर कथा लिखे की होबे?"

मी वेडा, वेड्याचं बोलणं लिहून काय होणार. टोमणा नव्हता मारला त्यांनी. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, की माझ्या सहीनंतर आता त्यांच्या शब्दाला कागदावर काही किंमत उरली आहे का. मी शाळेचं सांगितलं, भिंतीलगतच्या गुलमोहोरांचं. ती शाळा त्यांच्या नातीची निघाली नाही, असलं काही झालं नाही. त्यांना ती शाळा माहीतही नव्हती. पण ते उठले आणि सुनेला म्हणाले, माझी छत्री काढून ठेव, सोमवारी बागेत जायचंय.

उन्मेष, तू म्हणशील घेर मोजून कुठली पाटी खोटी हे कुणीही शोधून काढेल. निम्मी सापडतील. पण झाड कसं पडलं हे घेर मोजून कळत नाही. आणि बुंधे तर तूच रातोरात नव्हे, चांगल्या दिवसाढवळ्या क्रेन लावून उचलवलेस, 'मार्ग मोकळा करणे' या सदराखाली.

आज सोमवारी ते आले. फाटकावरच्या नव्या रखवालदाराने त्यांना अडवलं आणि येण्याचं कारण लिहायला सांगितलं. ज्याने त्या फाटकाजवळचा वड लावला त्याला! निवारणदांनी पेन माझ्याकडे दिलं. मी इंग्रजीत लिहिलं: 'झाडांची ओळख पटवण्यासाठी ग्रंथालयाने बोलावले.' त्यांनी ते वाचून घेतलं, मला अर्थ सांगायला लावला, आणि मग आत पाऊल टाकलं.

आज सात झाडं झाली. दमतात. मध्ये बसावं लागतं. पण चारशे सतरा नंबरपाशी, म्हणजे जिथे ती खरी होती त्या जागेपाशी, ते न विचारता थांबले आणि बुटाच्या टाचेने गवत उकरून मला मुळांचा खड्डा दाखवला. तुझा फोटो आहे त्या महोगनीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

वैदेही


१८ ऑगस्ट २०२५

उन्मेष,

तुझं पत्र शनिवारी आलं. यावेळी दोनच पानं आणि एकही सुविचार नाही, तेव्हा हे तू स्वतः लिहिलंयस. वाचून मला पहिल्यांदा तुझी कीव आली, पण राग उतरला असं समजू नकोस.

तू लिहितोस की तुला भीती वाटते. तुझी नोकरी अजून सात वर्षं आहे, नूपुरचं मेडिकलचं दुसरं वर्ष आहे, पुस्तकाचं प्रकाशन ठरलंय. हे सगळं मला कळतं, नूपुरला मी मांडीवर घेतलेलं आहे. आणि तू विचारतोस की यादी बाहेर पडली तर पट्टा पुन्हा चौकशीत येईल, ग्रंथालय जाईल, मग ताई, तू वाचवलंस काय?

जाईल कदाचित. हे मी गेले पंधरा दिवस रोज सकाळी दार उघडताना स्वतःला सांगते. पण त्या जमिनीसाठी आपण खरं बोलून भांडलोच नाही कधी. त्रेचाळीस झाडं पडली, तरी जागा द्यायची नाही, नवी लावू, असं म्हणून कमिटीसमोर उभं राहायची आपल्यात हिंमत नव्हती. हिंमत एकाच माणसात होती, आणि आपण दोघांनी मिळून त्याला घरी बसवलं. आता भांडायचं झालं तर खरं बोलून भांडेन. निवृत्त बाईला वेळच वेळ असतो.

यादी पूर्ण झाली. अकरा दिवस लागले. एकतिसांपैकी एकोणतीस झाडांचं निवारणदांनी सांगितलं. दोन झाडांपाशी ते म्हणाले, ही नीट आठवत नाहीत, असंच लिहा. मी म्हटलं, अंदाजाने सांगा. ते माझ्यावर चिडले. म्हणाले, अंदाजाने उभी केलेली झाडं कमी आहेत का या बागेत? तसंच लिहिलं. एका विलायती शिरीषाबद्दल आमचं पटलं नाही, त्यांच्या मते तो मधून मोडला, माझ्या आठवणीप्रमाणे उपटला. दोन्ही लिहिलं, कुणाचं कोणतं तेही.

चैतालीने टाइप केली. मी तिला सांगितलं नव्हतं, तीच येऊन बसली. काय पुसलं, कुणाच्या सांगण्यावरून आणि कधी, हे तिने स्वतःच्या सहीने वेगळ्या पानावर जोडलंय. मी नको म्हणत होते, तिची अजून सगळी नोकरी पुढे आहे. तिने ऐकलं नाही. ती तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे.

आज सकाळी यादी मी ग्रंथालयात दाखल करून घेतली. दाखल क्रमांक पडला, शिक्का पहिल्या पानावर आणि आमच्या नेहमीच्या आतल्या पानावर बसला. आता ती काढून टाकायची तर समिती नेमावी लागेल, कारण द्यावं लागेल, ठराव करावा लागेल, आणि त्या ठरावाचीही नोंद राहील. एवढं तर मी त्या खुर्चीवर बसून शिकले. एक प्रत बागेच्या संचालक मॅडमना दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि विचारलं की यात तुमचं नाव पाचव्या ओळीत आहे हे तुम्हाला माहीत आहे ना. मी म्हटलं, मीच लिहिलंय. दुसरी प्रत झाडं लावणाऱ्या समितीला गेली. धाकट्याचा फोन आला होता, बेहालाच्या शाळेचं काम थांबवलंय. तिसरी या पाकिटात आहे.

ती उघडलीस तर दिसेल की पहिली नोंद झाडाची नाही. निवारणदांनी ती अट घातली होती. म्हणाले, झाडं नंतर सांगतो, आधी माझं लिहा. तेव्हा पहिली नोंद अशी आहे: 'श्री. निवारण माइती यांची स्मरणशक्ती शाबूत आहे आणि मे २०२० मध्येही शाबूत होती.' शब्द त्यांचे, मराठी-इंग्रजी मी केलं. खाली साक्षीदारांच्या सह्यांना जागा सोडली. मी म्हटलं, संचालक मॅडमची घेऊ, डॉक्टरांचं पत्र जोडू. ते म्हणाले, नको. ज्या दोघांनी तेव्हा केली होती, त्याच दोघांनी करायची.

माझी केली आहे. त्यांच्यासमोर केली. दोनदा पेन उचलावं लागलं, पण त्यांनी घाई केली नाही. सही झाल्यावर त्यांनी कागद उचलून उजेडात धरला आणि तुझ्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

एकतीस तारखेला रविवार आहे, म्हणून शुक्रवारी, एकोणतीसला, माझा शेवटचा दिवस. निरोप समारंभ नको म्हणून सांगितलंय. पाच वाजता चैतालीला किल्ल्या देऊन मी निघेन. निवारणदा तीन वाजल्यापासून येऊन बसणार आहेत. दिल्लीहून सकाळचं विमान पकडलंस तर जेवायला घरी ये, वरणभात असेल, आणि जेवताना मी तुला एक शब्द बोलणार नाही. मग माझ्याबरोबर बागेत चल आणि त्यांच्यासमोर सही कर.

आला नाहीस तर त्या जागी मी लिहीन, 'कळवूनही आले नाहीत.' तेही त्यांच्यासमोरच लिहीन, आणि त्यांना वाचून दाखवीन.

वैदेही